वाचकांचे प्रश्न : रिले चालवायचा आहे, पण कोणता आणि कुठे?

टॉर या, इंटरनेटवर ओळख लपवून वावरू देणाऱ्या जाळ्यासाठी स्वतःचा सर्व्हर (अशा सर्व्हरला रिले म्हणतात) स्वयंसेवेने द्यावा का, दिला तर तो कसा चालवावा, यासंबंधी या सदराकडे बरीच पत्रे जमली आहेत. बहुतेक पत्रलेखकांच्या हाताशी चांगली वेगवान जोडणी आहे, आणि अडचण आहे ती पुढची पावले कोणत्या क्रमाने टाकावीत याची. एकसारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : टॉरमध्ये सात हजारांहून अधिक रिले आहेत असे वाचले. मग माझ्या एका सर्व्हरने काय फरक पडणार? आणि तो तेथे नेमके करणार काय?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. टॉरमधून जाणारी जोडणी साधारणपणे तीन रिलेंमधून जाते. पहिला गार्ड, वापरणाऱ्याचा आयपी पत्ता त्याला दिसतो, पण वापरणारा कोणत्या संकेतस्थळाकडे निघाला आहे हे त्याला कळत नाही. शेवटचा एक्झिट, संकेतस्थळ कोणते हे त्याला कळते, पण पलीकडे कोण बसले आहे हे कळत नाही. मधल्या रिलेला आपले दोन शेजारी तेवढे ठाऊक असतात. मजकुरावर एन्क्रिप्शनचे एकावर एक थर चढवलेले असतात आणि प्रत्येक रिले आपल्या वाट्याचा एक थर उतरवून उरलेला गठ्ठा पुढे देतो. ‘अनियन राउटिंग’ हे नाव या कांद्याच्या पापुद्र्यांवरूनच पडले.

१९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत पॉल सिव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी ही कल्पना आकाराला आणली. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी सिव्हरसन यांच्याबरोबर आजचे टॉर रचले आणि २००२ मध्ये ते जाळे सुरू झाले. हे जाळे नौदलाने स्वतःपुरते ठेवले असते, तर त्यातून बाहेर पडणारी प्रत्येक जोडणी नौदलाचीच हे सांगायला कोणा हेराची गरज उरली नसती. गर्दीत मिसळायचे तर आधी गर्दी हवी. म्हणून ते सर्वांना खुले झाले, आणि म्हणूनच ते आजही निरनिराळ्या लोकांनी आपापल्या खर्चाने चालवलेल्या सर्व्हरवर उभे आहे.

आता आपला पहिला प्रश्न. मार्गातील रिले सोडत काढल्यासारखे निवडले जातात, पण सोडतीत सर्वांच्या नावाच्या चिठ्ठ्या सारख्या नसतात. ज्या रिलेचा मोजलेला वेग जास्त, त्याच्या चिठ्ठ्या जास्त. त्यामुळे सात हजार ही संख्या थोडी फसवी आहे. ५०० मेगाबिटचा एक रिले ५ मेगाबिटच्या शंभर रिलेंइतका भार उचलतो, आणि वरच्या फळीतील वेगवान रिलेच जाळ्याचा मोठा भाग वाहून नेतात. तीन टप्प्यांच्या मार्गाचा वेग त्यातील सर्वांत मंद टप्प्याएवढाच असल्यामुळे अगदी हळू रिलेचा उपकारापेक्षा अडथळाच व्हायचा. दोन्ही दिशांना किमान १० मेगाबिट असावेत ही टॉर प्रोजेक्टची, म्हणजे टॉर सांभाळणाऱ्या संस्थेची, अपेक्षा याच कारणाने आहे. आपल्याकडे त्याच्या कित्येक पट वेग असेल, तर आपल्या एका सर्व्हरने फरक निश्चित पडतो.

प्रश्न : डेटा सेंटरमध्ये १ गिगाबिटच्या जोडणीवर रिले लावून पाच दिवस झाले. मीटर सेकंदाला काही किलोबाइटच्या पुढे सरकत नाही. फायरवॉल तपासली, पोर्ट उघडा आहे, लॉगमध्ये चूक दिसत नाही. माझे काय चुकले?

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही. या विषयावर आलेल्या पत्रांत हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारलेला आहे, आणि दुसऱ्या आठवड्यात वैतागून रिले बंद करणारेही कमी नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवा रिले स्वतःबद्दल जे सांगतो त्यावर जाळे विश्वास ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कोणीही उठून ‘माझा वेग दहा गिगाबिट’ असे जाहीर करून लोकांची रहदारी आपल्याकडे ओढून घेईल. टॉरमध्ये नऊ डिरेक्टरी ऑथॉरिटी, म्हणजे रिलेंची यादी ठेवणारे विश्वासू सर्व्हर, आहेत. त्या दर तासाला मतदान करून सर्व रिलेंची एक सामाईक यादी, म्हणजे कन्सेन्सस, प्रसिद्ध करतात. त्यांपैकी काही जणांकडे बँडविड्थ मोजणारी यंत्रणाही असते. ती यंत्रणा आपल्या रिलेमधून फाइल ओढून पाहते आणि तोच वेग सांगणाऱ्या इतर रिलेंच्या तुलनेत आपला रिले कसा ठरतो हे नोंदवते. अशी किमान तीन मोजमापे हाती येईपर्यंत रिले ‘न मोजलेला’ राहतो आणि त्याचे वजन, म्हणजे सोडतीतील चिठ्ठ्या, जवळजवळ नगण्य धरले जाते. पहिले तीनेक दिवस दिसणारा शुकशुकाट हा त्याचाच परिणाम आहे.

मोजमापे आली की मधला रिले म्हणून काम सुरू होते. येथे एक गमतीचे चक्र आहे. रिलेने गेल्या काही दिवसांत प्रत्यक्षात किती वेगाने माहिती हलवली त्यावर त्याचा जाहीर वेग ठरतो, जाहीर वेगावर वजन ठरते, आणि वजनावर रहदारी. त्यामुळे आकडा एकदम उडी न घेता पायरी-पायरीने चढतो. आठ दिवसांच्या आसपास, रिले पुरेसा वेगवान आणि सलग चालू असेल, तर त्याला ‘गार्ड’ हे चिन्ह मिळते, आणि नेमकी त्याच वेळी रहदारी घटते. बिघाड झाला या समजुतीने पुष्कळ जण याच टप्प्यावर सेटिंग उलटीपालटी करू लागतात. प्रत्यक्षात घडते ते असे. गार्ड होऊ शकणारे रिले मौल्यवान म्हणून त्यांना मधल्या जागी कमी वापरले जाते. दुसरीकडे वापरणारे लोक आपला गार्ड रोज बदलत नाहीत, तो कित्येक महिने तसाच ठेवतात. म्हणजे जुने काम गेले आणि नवे गिऱ्हाईक हळूहळू येत आहे, अशी ती मधली अवस्था. रॉजर डिंगलडाइन यांनी २०१३ मध्ये नव्या रिलेच्या या वाटचालीचे टप्पे मांडताना स्थिर अवस्था सुमारे ६८ व्या दिवशी येते असे म्हटले होते. आपला पाचवा दिवस आहे. दोन महिने सर्व्हर चालू ठेवा, अद्ययावत ठेवा आणि शक्यतो बंद-चालू करू नका. गार्ड चिन्हासाठी सलगता मोजली जाते. दर रविवारी रात्री हौसेने रीबूट होणारा गिगाबिटचा सर्व्हर त्या हिशेबात स्वतःचेच नुकसान करून घेतो.

प्रश्न : रिले १०० मेगाबिटवर सतत चालला तर महिन्याला किती डेटा होईल? होस्टिंग कंपनीच्या करारात ‘अमर्याद’ असे लिहिले आहे.

उत्तर : हिशेब सोपा आहे आणि करार करण्यापूर्वी कागदावर करून पाहावा असा आहे. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे दिवसाला सुमारे १.०८ टेराबाइट आणि तीस दिवसांना ३२ टेराबाइटांहून थोडे अधिक. पण रिले जे घेतो तेच पुढे देतो. म्हणून तेवढेच आत आणि तेवढेच बाहेर, एकूण सुमारे ६५ टेराबाइट. पूर्ण गिगाबिट भरला तर याच्या दहापट. उलट बाजूने पाहायचे तर टॉर प्रोजेक्टने सांगितलेली किमान मर्यादा, म्हणजे प्रत्येक दिशेला महिन्याला १०० गीगाबाइट, ही सरासरीने सेकंदाला जेमतेम ३०० किलोबिट भरते.

‘अमर्याद’ या शब्दावर विसंबू नका. पुष्कळ करारांत पुढच्या पानावर ‘न्याय्य वापर’ अशी पुस्ती असते, आणि महिनाभर दिवसरात्र भरलेली लाइन हा न्याय्य वापर नव्हे असे कंपनीला तिसऱ्या आठवड्यात आठवते. आधीच लिहून विचारा : ‘मी सतत इतके मेगाबिट वापरणार आहे, चालेल का?’ उत्तरही लेखीच घ्या.

डेटा खरोखरच मोजूनमापून मिळत असेल, तर टॉरच्या सेटिंगमध्ये दोन मार्ग आहेत. ‘अकाउंटिंग मॅक्स’ ठरलेला कोटा संपल्यावर रिलेला झोपवतो; ‘रिले बँडविड्थ रेट’ वेगावरच कायमची मर्यादा घालतो. मी दुसरा मार्ग सुचवेन. बारा दिवस सुसाट धावून अठरा दिवस झोपणाऱ्या रिलेपेक्षा महिनाभर मध्यम वेगाने चालणारा रिले मला बरा वाटतो. ज्यांनी फार पूर्वी रिले लावून सेटिंगकडे पुन्हा पाहिलेले नाही त्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की २०२२ मध्ये टॉरच्या ०.४.७ या आवृत्तीत गर्दी-नियंत्रणाची नवी पद्धत आली आणि वेगवान रिलेंची आजवर पडून राहिलेली क्षमता वापरात येऊ लागली. डेटाचे पैसे मोजणाऱ्यांनी मर्यादा घालून ठेवावी असा इशारा तेव्हा टॉर प्रोजेक्टनेच दिला होता.

प्रश्न : जोडणी १ गिगाबिटची, यंत्राला सोळा कोअर, तरीही रिले ४०० मेगाबिटच्या आसपास अडतो. बाकीचे पंधरा कोअर बसून आहेत. उपाय काय?

उत्तर : टॉरच्या एका प्रोसेसचे मुख्य काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालते. त्यामुळे सोळा मंद कोअरपेक्षा चार चपळ कोअर बरे. प्रोसेसरमध्ये एईएस एन्क्रिप्शनची अंगभूत सोय असेल तर एक प्रोसेस दोन्ही दिशांना साधारण ४०० ते ४५० मेगाबिटपर्यंत पोचते. आपण त्याच छताला टेकला आहात. उपाय म्हणजे त्याच यंत्रावर टॉरच्या आणखी प्रती चालवणे, प्रत्येकीला वेगळा पोर्ट, वेगळी ओळख-किल्ली आणि वेगळी डेटा डिरेक्टरी. एका आयपी पत्त्यावर किती रिले असावेत याला मर्यादा आहे; ती पूर्वी दोनचीच होती, नंतर वाढवली गेली. प्रत्येक प्रतीसाठी किमान १ गीगाबाइट मेमरी धरा, एक्झिट असेल तर दीड.

या सर्व प्रतींमध्ये ‘माय फॅमिली’ ही नोंद करून त्या एकाच चालकाच्या आहेत असे जाहीर करणे हा शिष्टाचार नाही, ती जबाबदारी आहे. तशी नोंद असली म्हणजे टॉर एकाच मार्गात आपले दोन रिले घालत नाही. कारण उघड आहे : गार्डही आपला आणि एक्झिटही आपला असेल, तर ‘कोण’ आणि ‘कुठे’ ही दोन्ही उत्तरे एकाच घरात आली.

वेगवान रिलेत प्रोसेसरच्या आधी दुसरेच काही तरी तुंबते, त्याबद्दल अनुभवाचे सांगतो. माझा रिले एकदा दर संध्याकाळी मान टाकू लागला. प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी, लाइन अर्धीही भरलेली नाही, आणि तरी एसएसएचने (दुरून सर्व्हर हाताळण्याच्या सोयीने) आत शिरायला मिनिट लागे. टॉरच्या लॉगमध्ये काहीच नव्हते. कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये मात्र एकच ओळ शेकडो वेळा छापलेली होती : ‘कॉनट्रॅक टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’. फायरवॉल प्रत्येक जोडणीची नोंद एका तक्त्यात ठेवत होती, तक्ता भरला होता, आणि नवी जोडणी आली की ती दारातूनच परत जात होती. साध्या रिलेवरही एका वेळी सात हजारांहून अधिक जोडण्या उघड्या असतात, मोठ्या एक्झिटवर हा आकडा लाखाच्या घरात जातो. तक्त्याचा आकार वाढवला आणि टॉरच्या पोर्टला त्या नोंदीतून वगळले, तेव्हा तो आजार गेला. आपल्याकडे असे काही दिसले तर आधी हे आणि उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा तपासा, मग नवे यंत्र घेण्याचा विचार करा. घरगुती राउटरवर रिले लावल्यास घरातले इंटरनेट का गुदमरते याचेही हेच उत्तर आहे.

प्रश्न : एक्झिटची टंचाई आहे असे सगळेच म्हणतात. माझ्या घरी उत्तम फायबर आहे. घरूनच एक्झिट चालवला तर? आणि कोणी त्यातून गुन्हा केला तर पोलिस माझ्या दारात येतील का?

उत्तर : घरून एक्झिट चालवू नका. या सदरात मी सहसा इतके सरळ उत्तर देत नाही, पण येथे दुसरे उत्तरच नाही.

एक्झिटमधून जे काही बाहेर पडते, ते जगाला आपल्या आयपी पत्त्यावरून आलेले दिसते. त्यात वार्ताहराचा पत्रव्यवहार असतो, आजाराविषयी गुपचूप वाचणाऱ्याचे शोध असतात, तसेच एखाद्याची धमकी किंवा घुसखोरीही असू शकते. तपास करणाऱ्याच्या हातात पहिला धागा येतो तो आपल्या पत्त्याचा. पत्ता डेटा सेंटरचा असेल, त्याच्या उलट-नोंदीत (आयपी पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या नोंदीत) ‘टॉर एक्झिट’ असे स्पष्ट लिहिलेले असेल आणि ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकताच ‘हा टॉरचा एक्झिट आहे, येथून जाणाऱ्या रहदारीच्या मूळ स्रोताची माहिती आमच्याकडे नसते’ असे पान उघडत असेल, तर प्रकरण बहुधा पत्रापत्रीवर निभावते. पत्ता घराचा असेल तर हे सगळे कळण्याआधीच घरातले संगणक जप्त झालेले असू शकतात.

या भीतीला आधार आहे. ऑस्ट्रियात २०१२ मध्ये एका तरुण एक्झिट-चालकाच्या घरावर छापा पडला आणि २०१४ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवून स्थगित शिक्षा सुनावली. रशियात २०१७ मध्ये मॉस्कोतील एका गणिताच्या शिक्षकाला त्याच्या आयपी पत्त्यावरून प्रसिद्ध झालेल्या मजकुरासाठी अटक झाली. तो एक्झिट चालवत होता, आणि त्याच्यावरील आरोप मागे घेतले जाईपर्यंत २०१८ उजाडले. दुसऱ्या टोकाचे उदाहरणही आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील लेबनन गावच्या किल्टन ग्रंथालयाने २०१५ मध्ये टॉर रिले लावला. केंद्रीय सुरक्षा खात्याकडून निघालेली सूचना स्थानिक पोलिसांपर्यंत पोचली आणि रिले थांबवला गेला. सप्टेंबरमध्ये ग्रंथालयाच्या विश्वस्तांनी गावकऱ्यांसमोर चर्चा करून तो पुन्हा सुरू केला. ग्रंथालयाकडे विश्वस्त मंडळ होते, बैठकीची तारीख होती, बाजू मांडायला माणसे होती. त्या शिक्षकाकडे यातले काही नव्हते. कायदा देशागणिक बदलतो, म्हणून एक्झिट लावण्याआधी आपल्या देशातील वकिलाचा सल्ला घ्या. नंतर घेतलेला सल्ला महाग पडतो.

एक्झिट चालवायचाच असेल तर होस्टिंग कंपनीची लेखी संमती घ्या, एक्झिटसाठी स्वतंत्र आयपी पत्ता घ्या आणि त्या पत्त्याच्या नोंदीत तक्रारींचा ई-मेल आपला टाकून घ्या. तक्रार थेट आपल्याकडे आली आणि आपण दिवसाच्या आत शांत, सभ्य उत्तर दिले की बहुतेक कंपन्या समाधानी असतात. त्यांच्या कर्मचाऱ्याला दर आठवड्याला आपल्यामुळे काम पडू लागले की करार संपतो. तक्रारींपैकी बऱ्याच यंत्रानेच पाठवलेल्या असतात, कोणाच्या तरी सर्व्हरवर पासवर्डचे अंदाज बांधले गेले किंवा चित्रपट उतरवला गेला अशा. टॉर मुळातच २५ क्रमांकाचा मेलचा पोर्ट बंद ठेवते. त्यापुढे ‘रिड्यूस्ड एक्झिट पॉलिसी’ वापरून मोजके पोर्ट उघडे ठेवले तर चित्रपटांच्या तक्रारी पुष्कळ कमी होतात. संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे आयपी पत्ते शोधण्यासाठी स्वतःच्या यंत्रावर अनबाउंडसारखा रिझॉल्व्हर चालवा. एक्झिटमधून होणाऱ्या अशा विचारणांचा मोठा वाटा एकट्या गूगलच्या सर्व्हरकडे जात असल्याचे संशोधकांना आढळले होते, आणि अनामिकतेच्या जाळ्याची इतकी चौकशी एकाच खिडकीवर जमा होणे हे काही बरे नव्हे.

एवढे सगळे एकट्याने झेपणार नाही असे वाटत असेल तर ते प्रामाणिक वाटणे आहे. अशांसाठी संस्था आहेत : जर्मनीत २०१० पासूनची टॉरसर्व्हर्स, स्वीडनमधील डीएफआरआय, अमेरिकेतील सिएटलची इमराल्ड अनियन. त्या देणग्या घेऊन एक्झिट चालवतात आणि तक्रारींना संस्थेच्या नावाने उत्तर देतात. आपल्या फायबरपेक्षा आपली देणगी तेथे जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : मग घरून मधला रिले तरी चालेल ना?

उत्तर : मधल्या रिलेतून संकेतस्थळांकडे थेट काही जात नाही, त्यामुळे तक्रारी येत नाहीत. पण सर्व रिलेंची यादी जाहीर असते आणि काही संकेतस्थळे एक्झिट व मधला असा फरक न करता यादीतील सर्वच पत्ते अडवतात. घरातल्या कोणाला बँकेचे पान अचानक उघडेनासे झाले की त्याचा उलगडा करायला बराच वेळ जातो. मधला रिलेही शक्यतो वेगळ्या आयपी पत्त्यावर असावा.

प्रश्न : एकाच व्यक्तीने किंवा संस्थेने खूप वेगवान रिले चालवणे जाळ्यासाठी धोक्याचे नाही का? आपण तर लोकांना जास्तीत जास्त बँडविड्थ द्यायला सांगत आहात.

उत्तर : शंका रास्त आहे. बँडविड्थ देणे म्हणजे लोकांच्या रहदारीसमोर बसण्याची जागा मिळवणे, आणि ही जागा वाईट हेतूनेही मिळवता येते. ३० जानेवारी २०१४ रोजी जाळ्यात वेगवान रिलेंचा एक मोठा गट दाखल झाला; एकूण ११५ रिले, एक्झिट एकही नाही, आणि गार्ड क्षमतेचा सुमारे ६.४ टक्के वाटा त्यांच्याकडे. टॉरच्या प्रोटोकॉलमधील एका फटीतून खुणा पाठवून कोण कोणत्या अनियन सेवेकडे (टॉरच्या आतच चालणाऱ्या संकेतस्थळाकडे) जात आहे हे ओळखण्याचा त्यांचा प्रयत्न होता. ४ जुलैला ते हटवले गेले, म्हणजे पाच महिने ते सज्जनासारखे काम करीत बसले होते. २०२० मध्ये एकाच टोळीच्या ताब्यात एक्झिट क्षमतेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक गेला होता. ती असुरक्षित पानांवरून जाणाऱ्यांचे बिटकॉइन व्यवहार वळवू पाहत होती.

म्हणून नुसते मेगाबिट मोजून भागत नाही. टॉर एका मार्गात एकाच मोठ्या पत्ता-गटातील, म्हणजे आयपीचे पहिले दोन आकडे सारखे असलेले, दोन रिले घेत नाही. पण हा ढोबळ उपाय झाला. खरी मजबुती विखुरलेपणातून येते. रिलेंची गर्दी जर्मनी, अमेरिका आणि नेदरलँड्समध्ये आहे, आणि तीही हेट्झनर, ओव्हीएच अशा मोजक्या स्वस्त कंपन्यांत. त्यामुळे माझे मत असे आहे की तेथे आणखी एक गिगाबिट घालण्यापेक्षा जेथे रिले विरळ आहेत अशा एखाद्या लहान कंपनीकडे २०० मेगाबिट घालणे अधिक मोलाचे. दोघांच्या खर्चात फरक पडेल, हे मान्य. सगळे रिले एकाच तऱ्हेच्या लिनक्सवर असणेही बरे नाही. फ्रीबीएसडी ही वेगळी कार्यप्रणाली येत असेल तर जरूर वापरा. आणि ‘कॉन्टॅक्ट इन्फो’त खरा, वाचला जाणारा ई-मेल लिहा. ज्या चालकाचा पत्ता नाही, फॅमिलीची नोंद नाही आणि ज्याचे पन्नास रिले एका आठवड्यात उगवले आहेत, त्याच्याकडे संशयानेच पाहिले जाते, आणि तसे पाहिलेही पाहिजे.

प्रश्न : रिले चालवणाऱ्याला पैसे मिळतात का?

उत्तर : नाही. २०१२ मध्ये टॉर प्रोजेक्टने १०० मेगाबिट वा अधिक वेगाच्या एक्झिटचा होस्टिंग खर्च, महिन्याला सुमारे १०० डॉलर, भरून देण्याचा विचार मांडला होता. पैसे मिळू लागले तर विनामूल्य देणारे मागे सरतील का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मला ती भीती अस्थानी वाटत नाही. आपण मिळकतीच्या अपेक्षेने विचारत असाल तर हे काम आपल्यासाठी नाही.

प्रश्न : रिलेमधून कोण काय पाहते याचा तांत्रिक कुतूहलापोटी थोडा लॉग ठेवला तर?

उत्तर : ठेवू नका. टॉरचा मूळ लॉग आपला सर्व्हर नीट चालतो आहे की नाही एवढे सांगायला पुरेसा आहे, आणि तो पत्ते गाळूनच लिहितो. त्यापलीकडे आपल्या डिस्कवर जे साठेल ते उद्या कोणीतरी मागू शकेल. एक्झिटवरील रहदारी वाचणे हे बऱ्याच ठिकाणी कायद्यानेही गुन्हा ठरते. आपल्याला आकड्यांची हौस असेल तर निक्स हे साधन किती माहिती आली-गेली ते टर्मिनलवर दाखवते आणि टॉरच्या ‘रिले सर्च’ पानावर आपल्या रिलेचा महिन्या-महिन्याचा आलेख दिसतो.

प्रश्न : माझी जोडणी ५ मेगाबिटची आहे. मी काही करू शकते का?

उत्तर : हो. स्नोफ्लेक नावाचे ब्राउझरला जोडायचे एक लहान साधन आहे. ते बसवले की, जेथे टॉर अडवले जाते तेथील एखादी व्यक्ती आपल्या ब्राउझरमधून जाळ्यापर्यंत पोचू शकते. त्यासाठी सर्व्हर लागत नाही, संगणक दिवसरात्र चालू ठेवावा लागत नाही, आणि संकेतस्थळांना आपला पत्ता दिसत नाही, कारण ती रहदारी पुढे जाळ्यातूनच जाते.

प्रश्न : चार वर्षे चाललेला माझा रिले दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये हलवायचा आहे. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात का?

उत्तर : नाही, पण जुना सर्व्हर पुसण्याच्या आधी हे वाचता आहात ना? रिलेची ओळख त्याच्या किल्ल्यांत असते. टॉरच्या डेटा डिरेक्टरीतील ‘कीज’ या फोल्डरची प्रत घ्या, जुना रिले बंद करा, नव्या यंत्रावर ते फोल्डर त्याच जागी ठेवा, त्याची मालकी टॉर ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते त्याच्याकडे द्या आणि रिले सुरू करा. दोन यंत्रांवर एकाच वेळी तीच ओळख चालू देऊ नका. पत्ता बदलल्यामुळे वेगाचे मोजमाप नव्याने होईल आणि काही आठवडे आलेख खाली राहील, पण ओळख तीच राहील. जुन्या सर्व्हरवर कोणी घुसल्याची जराशीही शंका असेल तर मात्र त्या किल्ल्या बरोबर घेऊ नका. तेथे पहिल्या दिवसापासून सुरुवात करणेच बरे.